झारीची मागची बाजू

संग्रहालयवाला दारात उभा राहिला तेव्हा वहिनींनी त्याला 'ये' म्हटलं नाही, नुसतं दार उघडं टाकून त्या आत वळल्या. नवऱ्याचा हा लाडका शिष्य. वर्षानुवर्षं त्यांच्या हातचा चहा पीत आला आणि कपाकडे न बघता 'छान' म्हणत आला. आता सर गेले, आणि हा पेटी घेऊन झारी न्यायला हजर. घेऊन जाऊ दे एकदाची, पीडा टळेल, असं त्या मनात म्हणाल्या. उरलेल्या कपबशा विसळून त्या तशाच अभ्यासिकेत आल्या.

झारी काशाची होती, हात धुताना पाणी घालायची, हजाराहून जास्त वर्षांपूर्वीची, इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. गोल पोट, उंच मान, तोटीच्या टोकाला बांग देणारा कोंबडा. तिच्यापायी पोटच्या मुलांना या खोलीत पाय ठेवायची बंदी होती. पाहुणे आले की पडदे ओढले जायचे, एका बाजूने दिवा लागायचा आणि पांढरे हातमोजे निघायचे. लग्नानंतर एकदा वहिनींनी हौसेने हात पुढे केला होता.

"तू नको. तुझे हात कायम ओले असतात," नवरा चारचौघांत म्हणाला होता. सगळे हसले होते. त्यांत हाही होता, तेव्हा विद्यार्थी होता, आणि सगळ्यांत शेवटी हसायचा थांबला होता.

आताही त्याने न विचारता पडदे ओढले, दिवा लावला.

"वहिनी, ही कड बघा. मानेपासून तळापर्यंत एकच रेघ, कुठे अडखळत नाही. नक्षी जवळजवळ नाहीच. कारागिराचा आकारावर केवढा भरवसा!"

शब्द नवऱ्याचे, मधे थांबणंही नवऱ्याचंच. वहिनींच्या कपाळावरची शीर उडायला लागली. पण नजर त्या रेघेवरून खाली घसरत गेलीच. मेली सुंदर होती. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

"मानेवर काय लिहिलंय?"

"मालकाला बरकत लाभो. तेव्हाच्या भांड्यांवर असं लिहीत."

"आणि पाणी घालणारीला?"

"म्हणजे?"

"मालक काय स्वतःच्या दोन्ही हातांवर स्वतःच पाणी घालायचा?"

"वहिनी, तुम्ही पण ना!" तो हसला.

वहिनी मागच्या बाजूला गेल्या. ही बाजू कायम भिंतीकडे असायची. मुठीच्या माथ्यावर एक छोटं डाळिंब होतं. त्याच्या कडेच्या पाकळ्या स्पष्ट होत्या, वरच्या पार पुसल्या गेल्या होत्या.

"हे काय?"

"अंगठा टेकायला आहे ते. जरा झिजलंय, म्हणून फोटोत ती बाजू आम्ही घेत नाही."

वहिनींनी मूठ धरली. त्यांचा अंगठा झिजेत बरोबर बसला. कुणीतरी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांवर पाणी घालत उभी राहिली होती, तिच्यामागून आणखी कुणी.

"वहिनी! हात ओले आहेत तुमचे!" तो किंचाळलाच.

"मग? पाण्याचंच भांडं आहे ना रे?" झारी उचलून त्या म्हणाल्या. "हवी असेल तर ने. पण कपाटात मूठ लोकांकडे ठेवायची, कोंबडा भिंतीकडे."

"असं कुणी मांडत नाही. लोक हसतील."

"हसू देत. तुला हसायची सवय आहेच."

"सरांना काय वाटलं असतं!"

"तुझ्या सरांनी ही बाजू कधी बघितलीच नाही. आणि तूही नाहीस. पेटी उचल आता."

तो तणतणत निघाला, रिकामी पेटी दाराला आपटत. वहिनींनी कडी घातली, पडदे फर्रकन बाजूला सारले आणि झारी फिरवून ठेवली. नवऱ्याला त्यांनी माफ केलं नव्हतं, करणारही नव्हत्या. त्यांनी पुन्हा डाळिंबावर अंगठा टेकवला. हात अजून ओलेच होते.