कठड्याचा विषय

हजेरीच्या रजिस्टरला दोऱ्याने बांधलेलं पेन — चोरावं असं त्यात काहीही नाही, तरी बांधलेलं — आणि त्याच्या टोकाखाली बाबांचं नाव, समोर रिकामा चौकोन. माणूस जाऊन महिना झाला. नाव खोडायलाही यांना ठराव लागणार...

बाबांनी समितीला दिलेलं कठड्याचं टिपण परत घ्यायला ती आली होती. ज्येष्ठांची प्रभाग समिती म्हणजे आठ म्हातारे, एक कुरकुरता पंखा आणि कुठलाही विषय तासभर चघळायची तयारी. श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभे राहिले खरे. पण चाळीस सेकंदांत सगळे खाली. गुडघे! आणि यांच्यासाठी बाबा ताप अंगावर काढून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा हवा — चार वर्षं एकच धोशा, आणि चार वर्षांत एक लोखंडी नळी नाही. 'तुम्हाला विचारतं कोण, बाबा?' — हे ती जेवताना म्हणायची, ताटातून मान वर न करता...

"विषय तीन, कठडा," चिटणीसबाई म्हणाल्या. "सूचक हयात नाहीत. विषय दप्तरी दाखल."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद, बाळ. नाहीतर नवा सूचक हवा. प्रभागातला, साठीपुढचा."

"तुमच्यापैकी कोणी..."

"एकाला एकच विषय. माझा बाकांचा आहे," एक जण म्हणाले.

"माझा कुत्र्यांचा," दुसरे घाईने म्हणाले, कुणी हिसकावून घेईल अशा धास्तीने.

"तुझं वय काय गं?" चिटणीसबाईंनी तिला विचारलं.

"एकसष्ट."

"मग ही आपल्यातलीच की!" सगळे खदखदून हसले. कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली. आपल्यातली! कवळ्यांच्या या मेळाव्यातली? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बरं, कठडा कुठल्या बाजूला?" अध्यक्षांनी विचारलं.

"उतरताना उजव्या हाताला. माणूस चढताना नाही पडत, उतरताना पडतो. चार वर्षांत एवढंही डोक्यात शिरलं नाही तुमच्या?"

हे तिला कुणी सांगितलं होतं? ती तर कधी ऐकतच नव्हती... आणि घरी आल्यावर बाबासुद्धा या आठांना असंच सोलून काढायचे, 'दगड आहेत सगळे' म्हणायचे — आणि पुढच्या महिन्यात पुन्हा शर्टाला इस्त्री.

"लिहिते तुझं नाव," चिटणीसबाई म्हणाल्या. "अनुमोदक?"

कुणी खाकरलं. कुणी कागद उलटला. ती हातांच्या त्या आठ जोड्यांकडे पाहत राहिली — डागाळलेले, थरथरते, मांडीवर निवांत पडलेले हात — आणि यातला एक, कुठलाही एक वर उठावा म्हणून आपण श्वास रोखून धरलाय, हे लक्षात येऊन तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी श्वास काही सुटेना.