भट्टी, नग एक, पेटती

बाटल्यांचे साचे एकशे बारा. हातगाड्या नऊ, त्यांतल्या दोन बिनचाकांच्या. रिकाम्या बाटल्यांची खोकी चारशे सहा. ऑफिसात खुर्च्या पाच, कपाटं तीन, बंद पडलेलं घड्याळ एक. मांजर एक, ते यादीत घेतलं नाही. आणि भट्टी, नग एक.

भट्टीपुढे काय लिहावं यावर वसुलीबाई अडल्या. ताब्याच्या यादीत ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोनच रकाने होते. कारखाना तर बंद होता, पण भट्टी अकराशे अंशांवर धगधगत होती. शेवटी दोन्ही रकाने सोडून त्यांनी समासात ‘पेटती’ असं लिहिलं.

वसुलीबाई हे नाव कारखान्यातल्या कामगारांनी ठेवलेलं. थकलेली कर्जं वसूल करणं हे सरकारी बँकेतलं त्यांचं काम. मालकाने दुसरी भट्टी घेतो म्हणून कर्ज उचललं. भट्टी काही आली नाही, हप्ते थकले आणि मालकाचा फोन लागेनासा झाला. बँकेने कारखान्याला टाळं ठोकलं. पन्नास माणसं घरी बसली. मागे एकटा भट्टीचा मिस्त्री राहिला, कारण काचेच्या भट्टीला टाळं ठोकता येत नाही.

“एकदम विझवली ना बाई, की आतली काच थिजून दगड होते,” मिस्त्री म्हणाला. “वरचं विटांचं छत तडकतं. मग तिला तुमच्या बँकेत शोभेला ठेवा.”

“गॅस किती दिवस पुरेल?”

“उद्या संध्याकाळी नळ बंद करतायत. बिल बँकेच्या नावावर फाडा, नाहीतर माझ्या. माझ्या नावावर हे मांजर आहे फक्त.”

पेटती भट्टी विकली तर कर्ज बहुतेक फिटणार होतं आणि पन्नास जणांचं कामही टिकणार होतं. तडकलेल्या भट्टीला भंगाराचा भाव. वसुलीबाईंनी मोठ्या साहेबांना फोन लावला.

“बुडीत खात्यावर आणखी खर्च?” साहेब म्हणाले. “उद्या चौकशी लागली तर माझं पेन्शन तुम्ही देणार का?”

“पण साहेब, पेटती असेल तर तिप्पट किंमत येते.”

“येते ना? मग तुमच्या अधिकारात बसतं तेवढं करा. माझं नाव कुठे घेऊ नका.”

त्यांच्या अधिकारात तीन दिवसांचा गॅस बसत होता.

रात्री खोलीवर त्यांनी धाकट्या भावाला फोन केला. तो मोठ्या शहरात एका खाजगी बँकेत होता. त्यांना बदली होऊन इथे येऊन आठ महिने झाले होते आणि घरून फोन आला असा प्रकार क्वचितच घडे. करायच्या त्या याच.

“ताई, आमच्याकडे दहा मिनिटांत सही झाली असती.”

“गॅसच्या बिलावर?”

“छे गं, नळ बंद करायच्या कागदावर. खातं विकायचं आणि मोकळं व्हायचं. तुम्ही सरकारी लोक भट्टीला शेक देत बसता. म्हणून तर तुमची बँक विकायला काढलीय.”

“आणि ती पन्नास माणसं?”

“ते आमच्याकडे कोणी विचारत नाही. चल, ठेवू?”

“जेवलास का?” त्यांनी विचारलं, पण फोन ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी बँकेचा संप. दारासमोर सगळे फलक घेऊन उभे होते. “मॅडम, आज तरी भट्टीवर जाऊ नका!” रोखपाल ओरडला. “बँक विकली तर वसुली कुणाची करणार? आमची?” सगळे हसले. वसुलीबाईही हसल्या, पाच मिनिटं त्यांच्यात उभ्या राहिल्या आणि गॅसचं बिल भरायला निघून गेल्या. मागून कुणीतरी काहीतरी बोललं. ते त्यांना नीट ऐकू आलं नाही.

कारखान्यात पोचल्यावर त्यांनी भट्टी घ्यायला तयार असलेल्या एकमेव गिऱ्हाइकाला फोन लावला. तो सोमवारी सौदा करायला येणार होता.

“घाई काय आहे बाई? तुमची बँकच विकतायत म्हणे. नवा मालक येऊ दे. असल्या जागा तो निम्म्यात काढेल.”

“तोवर भट्टी विझेल हो.”

“मग तर आणखी स्वस्त.”

मिस्त्री ऐकत होता. “तीन दिवस धरून ठेवू,” तो म्हणाला. “कोण जाणे, उद्या दुसरा कोणी येईल.”

“आणि नाही आला तर?”

“तर एकदम विझेल.”

“तेवढ्याच गॅसवर हळूहळू निववली तर?”

मिस्त्री नाइलाजाने म्हणाला, “सहा दिवस पुरेल. आतली काच आधी काढून टाकावी लागेल. छत टिकलं तर पुन्हा पेटवता येते. वीतभर भेग भरता येते. हातभर पडली तर छत उतरवायचं, म्हणजे खेळ खलास.”

“तुमची वीत केवढी?”

त्याने पंजा ताणून धरला. त्यांनी पर्समधली टेप लावली. बावीस सेंटिमीटर.

मिस्त्रीची निळी काच डोळ्यांपुढे धरून त्यांनी भट्टीत पाहिलं. वितळलेली काच मधासारखी संथ होती.

“निववूया,” त्या म्हणाल्या.

“चौदा वर्षं विझू दिली नाही हिला,” मिस्त्री म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या चार कामगारांना घेऊन आला आणि तळाचं भोक उघडून काच पाण्याच्या खड्ड्यात सोडली.

पुढचे दिवस वसुलीबाई बँक सुटली की थेट कारखान्यात येत. मिस्त्री ज्योत थोडी थोडी उतरवी आणि त्या आकडे लिहीत. तो मुलीच्या तक्रारी सांगे, त्या साहेबांच्या. आठ महिन्यांत त्या कुणाशी इतकं बोलल्या नव्हत्या. रोज त्यांची खुर्ची भट्टीच्या थोडी आणखी जवळ सरकत गेली.

सहाव्या दिवशी ज्योत बंद करून मिस्त्रीने पिशवी उचलली. तो मुलीकडे चालला होता.

“छत बघायला थांबत नाही?”

“थंड भट्टी कधी बघितली नाही मी. आता या वयात कशाला?” दारापाशी तो वळला. “मांजर तुमच्या यादीत नाही ना?”

“नाही.”

“मग नेतो.”

पूर्ण निवायला आणखी तीन दिवस गेले. रविवारी वसुलीबाईंनी टाळं उघडलं. आत चपलांचा आवाज घुमला, म्हणून त्यांनी त्या काढून ठेवल्या. भिंतीवरच्या लाल आकड्यांत भट्टीच्या आतलं तापमान एकतीस होतं. ऑफिसातल्या तापमापकातही एकतीस.

त्या ओणव्या होऊन बाजूच्या झरोक्यातून आत शिरल्या आणि एका टोकापासून छताची विटेमागून वीट बॅटरीच्या उजेडात पाहत गेल्या. भेग एकच होती, दुसऱ्या टोकाला. तिच्या एका टोकावर त्यांनी अंगठा दाबला आणि टेप ताणली.

चौदा सेंटिमीटर.