पेटीतले मैल

तिसराही खड्डा रिकामा निघाला तेव्हा मामांनी फावडं बाजूला फेकलं आणि सगळ्या गड्यांसमोर भाचीला सुनावलं.

"तुझी ती पेटी नेऊन चुलीत घाल. चार दिवस माणसं माती उपसतायत. ही बघ तार, तुझ्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

गडी खाली मान घालून हसले. भाचीच्या कानशिलांपर्यंत आग चढली. चुकून हिशेब बिघडला असता तर तिने चार शिव्या मुकाट गिळल्या असत्या. पण तिने सहा वेळा मोजलं होतं आणि सहाही वेळा उत्तर नऊ आलं होतं. नऊ म्हणजे नऊ. नवव्या दगडाला खणलं, मग दगडाच्या अलीकडे खणलं, आता पलीकडे खणलं, आणि तार जागच्या जागी शाबूत.

आता काम काय होतं ते सांगायला हवं. दोन गावांच्या तार कचेऱ्या जोडणारी एकच तार, वीस मैल जमिनीखालून गेलेली, दर मैलाला वर एक दगड. सोमवारी सकाळी ती मुकी झाली. असं झालं की इकडच्या कचेरीत मोजणीच्या खोलीत बसून तार कितव्या मैलाला तुटली ते सांगायचं, हे भाचीचं काम. तिथे जाऊन खणायचं, हे मामांच्या टोळीचं. मामा टोळीचे मुकादम. आईबापाविना राहिलेल्या भाचीला त्यांनीच वाढवलं, त्यांनीच कचेरीत चिकटवलं.

मोजायची रीत अगदी तराजूसारखी. बॅटरीतली वीज दोन वाटांनी सोडायची, एक वाट जमिनीतल्या तारेची, दुसरी पेटीची. पेटीत लाकडी फिरक्यांवर केसासारखी बारीक तार गुंडाळलेली, आणि एकेक फिरकी विजेला नेमकं तेवढंच अडवते जेवढं जमिनीतली एक मैल जाड तार अडवते. तार फुटून ओल्या मातीला भिडली असेल तर वीज तिथवर जाऊन मातीत उतरते. मग पेटीत फिरक्या वाढवत जायचं. काटा मधोमध उभा राहिला की फिरक्या मोजायच्या. तेवढ्या मैलांवर बिघाड. चार वर्षांत तिने सात बिघाड सांगितले होते आणि सातही एका खड्ड्यात सापडले होते. टोळी तिला पेटीवाली म्हणायची, तेही जरा मानानेच. ते सगळे बिघाड गावातले होते, पहिल्या तीन दगडांच्या आतले, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मोठ्या साहेबांनी मंगळवारीच बजावलं होतं. "शनिवारपर्यंत तार बोलली नाही, तर बाई, तुम्ही घरी. मागचा मोजणीदारही असाच मैलांचे गोते खायला लागला होता."

मागचा मोजणीदार म्हणजे तिचे गुरुजी. त्यांनीच तिला पेटी शिकवली. त्यांच्या वेळी गावाबाहेर तार बिघडली, पाच खड्डे वाया गेले, आणि साहेबांनी शेरा मारला की हा माणूस पिऊन मोजतो. गुरुजी थेंबालाही शिवत नसत. पण शेरा तो शेरा. घरी बसले ते दोन वर्षांत गेले. जाईपर्यंत एकच म्हणत होते, पेटी खोटं बोलत नाही गं.

"तार कापा," भाची खड्ड्याच्या काठावरून म्हणाली.

"खुळी का काय तू? कापायला साहेबांची मनाई आहे. प्रत्येक जोड म्हणजे नवं दुखणं."

"मग मी कापते. साहेबांना सांगा, भाची ऐकत नाही."

ती खड्ड्यात उतरली आणि पकडीने तिने तार कापली. गाडीवरून बॅटरी आणि पेटी उतरवली. पलीकडच्या बाजूला काटा हलला नाही, म्हणजे तिकडची तार चोख. अलीकडच्या, कचेरीकडच्या टोकाला वीज लावली तर काटा असा फेकला गेला की बस. एक फिरकी, दोन, तीन. तिसरीला काटा मधोमध उभा राहिला.

"तीन मैल मागे. सहाव्या दगडाला चला," ती म्हणाली.

"काल नऊ, आज सहा. उद्या म्हणशील, साहेबांच्या खुर्चीखाली खणा."

पण गेले. आणि सहाव्या दगडापासून वीस पावलांवर, कुणीतरी नव्याने घातलेल्या कुंपणाच्या खांबाखाली, पहिल्याच खड्ड्यात सापडलं. खांबाचं लोखंडी टोक तारेचं आवरण फाडून आत घुसलं होतं, आणि तांब्यावर हिरवा चिखल बसला होता. गडी सुटल्यासारखे खाली बसले. एकाने तंबाखू काढली. मामांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

भाचीला हसू आलं नाही. कचेरीपासून खांबापर्यंत जमिनीवर मैल सहा, पेटीत मात्र नऊ. नवव्या दगडापासून मागे मोजलं तर जमिनीवर तीन, पेटीतही तीन. म्हणजे पेटी बरोबर. मग कचेरीच्या बाजूला तीन मैल जास्तीचे आले कुठून?

"मामा, ही तार पुरली कोणी?"

"मी. अकरा वर्षं झाली. का?"

"सगळी एकाच जाडीची?"

मामा फावड्याला लागलेली माती खरवडायला लागले. फावडं स्वच्छ झालं तरी खरवडतच राहिले.

"सापडलं ना? मग आता नसत्या चौकशा कशाला?"

"मामा, मी काय विचारलं?"

ते तिला टोळीपासून लांब घेऊन गेले आणि हळू आवाजात बोलले. दोन्ही टोकांकडून पुरत आणलेली जाड तार मधे एक मैल कमी पडली होती. पुढचा माल यायला महिना होता आणि उद्घाटनाची तारीख पत्रिकांवर छापून गेली होती. साहेब म्हणाले, गोदामात बारीक तार पडलीय, ती घाला एक मैल. तिसऱ्या दगडापासून चौथ्यापर्यंत. रजिस्टरात मात्र वीस मैल जाड तार असंच लिहिलं गेलं.

"वीज काय अडली का त्यानं? बातम्या जात होत्या ना? तुझ्या पेटीला त्याचं वावडं असेल हे मला कसं कळणार? मी अडाणी माणूस."

"गुरुजींना घालवलं तेव्हा तरी कळलं असेल."

मामांनी वळून टोळीकडे बघितलं.

"कळलं होतं ना?"

"शंका आली होती," मामा म्हणाले. "पण साहेब म्हणाले, तोंड उघडलंस तर टोळीसकट घरी. घरात तू होतीस, मामी होती. काय करायचं होतं मी?"

"आणि आज? आज मला चारचौघांत पेटी चुलीत घाल म्हणालात, तेव्हाही शंका होती?"

मामांनी नुसतं तोंडावरून हात फिरवला, आणि मग जे बोलले ते बोलले नसते तर बरं झालं असतं. "केवढीशी तार ती. उरलेली आपल्या परसात आहे. तू तिच्यावरच तर कपडे वाळत घालतेस."

भाची गाडीची वाट न बघता चालत सुटली. सहा मैल चालली आणि प्रत्येक दगडापाशी तिचा राग दगडाएवढा वाढत गेला. साहेबांचा राग आला, पण तो माणूस परका, त्याच्याकडून तिची अपेक्षाच नव्हती. ज्यांच्या घरात वाढलो त्यांनी तोंड शिवून घ्यावं, आणि गुरुजींच्या तिरडीला खांदाही द्यावा? खांदा दिला होता मामांनी. तिने पाहिलं होतं.

मामी परसात चादरी वाळत घालत होत्या. भाचीने पकड काढली आणि खुंटीपाशी तार कापली. तीन चादरी, दोन उशांचे अभ्रे आणि मामांचा सदरा धपकन चिखलात.

"अगं ए, डोकं फिरलं का तुझं?"

"मामांना विचारा कुणाचं फिरलंय ते."

तिने जाडी मोजायची भोकांची पट्टी घेतली. जाड तारेचा तुकडा खड्ड्यातून आणलाच होता. बारीक तारेचा व्यास बरोबर त्याच्या निम्मा भरला. व्यास निम्मा म्हणजे तांबं निम्मं, असं कुणालाही वाटेल. तसं नसतं. तिने चिखलात काठीने दोन बोटं बाजूचा चौकोन काढला, त्यात एक बोट बाजूचे चौकोन भरले. चार मावले. म्हणजे बारीक तारेत तांबं पाव. विजेला वाट पाव, अडथळा चौपट. एक मैल बारीक तार पेटीला चार मैल वाटणार. जास्तीचे तीन.

गुरुजींचेही पाच खड्डे याच तीन मैलांनी खाल्ले होते. हिशेब इतका चोख जुळला की तिला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. मामी तोंडावर पदर धरून नुसत्या बघत राहिल्या.

शुक्रवारी तार बोलायला लागली होती. साहेबांनी तिला आणि मामांना बोलावून घेतलं. खुशीत होते.

"बाई, झालं गेलं विसरा. अहवालात लिहा की पहिल्या मोजणीत चूक झाली, नंतर दुरुस्त केली. माणूस आहे, चुकतो. तुमची जागा तुमच्याकडेच राहील."

"चूक कुणाची लिहू?"

"तुमचीच की. मोजलं कुणी?"

"तार कुणी बदलली, साहेब?"

साहेबांची मान मामांकडे वळली. मामा पायातल्या जोड्यांकडे बघत होते.

भाचीने मोजणीचं रजिस्टर उघडलं. पानांना छापील आकडे होते आणि रजिस्टर वर्षअखेरीस मुख्य कचेरीत जायचं, त्यामुळे पान फाडायची सोय नव्हती. तिने उभ्या उभ्या लिहिलं: तिसरा दगड ते चौथा दगड, एक मैल, बारीक तार, निम्म्या व्यासाची. चौथ्या दगडापुढच्या प्रत्येक मोजणीतून तीन मैल वजा करावे. मागच्या मोजणीदारांचे पाच खड्डे याच कारणाने चुकले, त्यांची मोजणी बरोबर होती. मग दाभणाने पानाला दोन भोकं पाडून जाड आणि बारीक तारेचे तुकडे दोऱ्याने शेजारी शेजारी बांधले.

"हे जरा महागात पडेल, बाई."

"पडू दे. उद्या माझ्या जागी जो येईल त्याला तरी रिकामे खड्डे खणायला लागणार नाहीत." ती मामांकडे वळली. "मुकादम, तार तुम्ही पुरलीत. खाली सही करा."

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना मुकादम म्हटलं होतं. मामांनी टाक हातात घेतला, साहेबांकडे बघितलं, आणि परत ठेवला.

"मला नीट आठवत नाही," ते म्हणाले.

शनिवारी भाची घरी बसली. साहेबांनी त्या पानाखाली शेरा मारला की ही बाईंची कल्पना आहे, पुरावा नाही.

त्या दिवसापासून ती मामांशी बोलली नाही. एकाच घरात, एकाच पंगतीला जेवून. काही लागलं तर मामींना सांगायची, "त्यांना म्हणावं, पाणी तापलंय." मामी दोघांच्या मधे तार कचेरी चालवून वैतागल्या. कपडे आता सुताच्या दोरीवर वाळायचे आणि दोरी मधे झोळ खायची. पाच महिने गेले. भाची शेजारपाजारच्या मुलींना गणित शिकवायची, आणि वर्गांचं गणित आलं की तिचा आवाज उगाच चढायचा.

मग एका दुपारी मामा अवेळी घरी आले. पाय गुडघ्यांपर्यंत चिखलाने भरलेले, आणि खांद्यावर फावडं. फावडं ते कधी घरी आणत नसत, ते टोळीच्या खोलीत राहायचं. भाची मुलींच्या पाट्या तपासत होती. मामा उंबऱ्याबाहेरच थांबले.

"तार बिघडली होती," ते मामींकडे बघून म्हणाले. "नवा मोजणीदार म्हणाला, बाराव्या दगडाला. मी म्हटलं, नवव्याला. साहेब तिथेच उभे होते. म्हणाले, हे तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, रजिस्टरात लिहिलंय, पान काढा. पान काढलं, आणि मी सही केली."

मामींनी भाचीकडे बघितलं. भाचीच्या हातातली पाटीवरची पेन्सिल थांबली होती.

"एकच खड्डा," मामा म्हणाले. "साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. टोळीतून कुणी वर बघितलं नाही."

भाचीचा राग गेला नव्हता. पाच महिने उशीर म्हणजे उशीर, आणि गुरुजींच्या बाबतीत तर त्याहून कितीतरी जास्त. तिने पाटी खाली ठेवली.

"गुरुजींचं नाव घेतलंत?"

तिने थेट विचारलं म्हणून मामा गोंधळले. मग त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"घेतलं. साहेबांसमोर. म्हटलं, तो माणूस पीत नव्हता."

"नीट ऐकू जाईल असं?"

"नव्या मोजणीदाराने लिहूनसुद्धा घेतलं."

भाची उठली, आतून पाण्याची बादली आणली आणि त्यांच्या पायांपाशी ठेवली.

"पाय धुवा," ती म्हणाली. "आणि उद्या ती दोरी ताणून बांधा. कपडे जमिनीला लागतात."