कूळ कळलं, जात नाही

अड्यारला विशालाक्षीबाईंच्या माडीवर खोली मिळाली तेव्हा कीर्तीला एकच अट होती: घरात अमंगळ काही आणायचं नाही. बाई तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. मासे, अंडी आणि अळंबी त्यांच्या लेखी एकाच पंगतीतली.

कीर्ती नाशिकची, शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. शेणावर उगवणाऱ्या नखाएवढ्या अळंब्या ओळखायचा तिला नाद. एका रविवारी रस्त्यावरच्या गाईचं शेण डब्यात भरून आणताना तिला बाईंनी जिन्यात गाठलं.

"ते काय गे?"

"शेण आहे, मामी."

बाईंचे डोळे भरून आले. "आताच्या पोरींत असले संस्कार!"

दुसऱ्या दिवसापासून फिल्टर कॉफी माडीवर यायला लागली. खरं कारण सांगायचं कीर्तीच्या जिवावर आलं. तिने काचेच्या डब्यात ओला कागद अंथरला, त्यावर शेण ठेवलं आणि डबा खिडकीत ठेवून दिला.

पंधरवड्याने ती मीटिंगमध्ये असताना बाईंचा फोन आला. त्या खोली झाडायला गेल्या होत्या.

"अय्यो, काळान! माझ्या घरांत अळंबी उगवलीय!"

"मामी, फेकू नका! दुपारपर्यंत ती अळंबी विरघळून काळी शाई होते. एक टोपी पांढऱ्या कागदावर उपडी ठेवा ना. बीजाणूंच्या रंगावरून ओळखता येते."

"खाणार आहेस?"

"छे हो! नाव शोधायचंय फक्त."

"नाव कळून काय करणार?"

बाईंनी सुस्कारा टाकून फोन ठेवला.

संध्याकाळी ती धावतपळत घरी आली. कागदावर बीजाणूंचा काळाभोर, सुरेख ठसा उमटला होता. डबा मात्र धुऊन पालथा घातलेला.

"बाकीच्या कुठायत, मामी?"

"टाकल्या. घर बाटलं, मग शुद्ध करायला नको? सडा घातला, माडीपासून फाटकापर्यंत."

"शेण कुठून आणलंत?"

"तुझ्याच डब्यातलं की!"

कीर्ती जिन्यावर बसली. तिने ठशाचा फोटो जाणकारांच्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं: एवढ्यावरून नेमकं सांगता येणार नाही, नमुना पाठवा.

"काय म्हणतात?" बाईंनी शेजारी बसत विचारलं.

"कूळ कळलं. जात नाही कळली."

बाई चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिल्या.

"आणि जात कळल्याशिवाय घरांत घेतलीस?"