रस्त्यावर आणलेला अपघात

भरदुपारी आनंदीबाईंचा दीपक चिंचपोकळीतल्या चाळीच्या गॅलरीत, मोरीपाशी आडवा झाला. ओठ काळेनिळे, श्वास असून नसल्यासारखा. कुणीतरी अँब्युलन्सला फोन केला. चाळीच्या गणेश मंडळाचं मदत पथक धावत आलं आणि आधी चमकणारी जाकिटं चढवून उभं राहिलं.

पथकाचे कायदेशीर सल्लागार हेरंब वकील स्वतःच्या जाकिटाची चेन लावत म्हणाले, "हात लावू नका. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देणार नाहीत, हे संरक्षण रस्त्यावरच्या अपघाताला आहे. हा घरात पडलाय. त्यात गर्दच्या नशेची भानगड. मेला तर आपलीच नावं पुढे येतील."

पथकातल्या शामरावांनी मोरीकडे पाहिलं. मागच्या वर्षी त्यांची लेक ललिता इथेच कोसळली होती. ते तेव्हा कामावर होते. सगळे असेच जरा लांब उभे राहिले होते म्हणे, पोलीस विचारतील म्हणून. दहाव्याला मात्र एकही जण चुकला नाही. पथक सुरू झालं ते त्यानंतर. जाकिटांच्या पाठीवर ललिताचंच नाव होतं.

"हा रस्त्यावर पडला असता तर?" शामरावांनी विचारलं.

"मग प्रश्नच नव्हता."

"मग नेऊया रस्त्यावर."

अरुंद जिन्यावरून गणपतीची मूर्ती उतरवण्यात पथकाचा हातखंडा. "डावा खांदा खाली घे... सावकाश रे... हां, आता वळव." दीपकला कठडासुद्धा घासला नाही. शामराव त्याची हनुवटी वर धरून बाजूनं उतरत होते. मागच्या वर्षी हाच जिना सगळ्यांना फार अवघड वाटला होता.

खाली आल्यावर हेरंबना शंका आली. "गाडीशिवाय अपघात कसला?" त्यांनी आपली स्कूटर आणून शेजारी आडवी केली. तेव्हा कुठे पथकाला धीर आला आणि एकानं दीपकच्या तोंडात श्वास फुंकायला घेतला.

अँब्युलन्समधून डॉक्टर मेघना उतरल्या. "अपघात? डोक्याला लागलंय?"

सगळे स्कूटरकडे बघू लागले. पोराचं नाव पोलिसात जाईल म्हणून आनंदीबाईंनीही तोंडाला पदर लावला. मेघना बॅगेतून मानेचा पट्टा काढू लागल्या.

आता कायदा वाचेल आणि पोरगा जाईल, हे शामरावांना कळलं.

"गर्दचा प्रकार आहे," ते म्हणाले. "वरून आम्हीच आणलाय."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" मेघनांनी पट्टा टाकला आणि गर्दवरच्या उताऱ्याचं इंजेक्शन काढलं.

थोड्या वेळानं दीपकनं मोठा श्वास घेतला. डोळे उघडले. शेजारची स्कूटर ओळखीची होती.

"हेरंबकाका," तो पडल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही ठोकलंत मला?"

मागे येऊन उभा राहिलेला हवालदार गाडीचा नंबर बघू लागला. हेरंब वकील त्याला कायदा समजावायला वाकले, तसं त्यांच्या पाठीवरचं ललिताचं नाव उन्हात चमकलं.

"काळजी करू नका वकीलसाहेब," शामराव म्हणाले. "साक्षीला मी आहे. झालं ते सगळं सांगीन."

हेरंब वकिलांना आणखीच घाम फुटला.