कोरा रकाना

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नजरबाबांनी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या डोळ्यासमोर सूर्याची नक्षी कोरलेला तांब्याचा पत्रा धरला आणि बाईंनी समोरच्या फलकावरची अक्षरं घडाघडा वाचली. लोक रडायला लागले. बाबांनी बाईंचा कागद उंचावला.

"माझं ऐकू नका, दवाखान्याचं ऐका. लिहिलंय, दोन्ही डोळ्यांनी अंध."

ते मीच लिहिलं होतं. डॉक्टरांची टिपणं वाचून आजाराचा कोड नोंदवणं हे माझं काम. माझ्या शेजारी ताई हात जोडून बसली होती. तिला काचबिंदू आहे. बाबांच्या आधीच्या सभेत हाच कागद पाहून डोळ्यांत घालायचे थेंब तिने तीन महिन्यांपूर्वीच बंद केले होते, हे मला तिथे कळलं.

"अरे, तुझ्याच दवाखान्याचा कागद ना?" ती म्हणाली.

सकाळी मी बाईंची फाइल काढली. चष्म्याविना एक मीटरवरची बोटं मोजता येतात, एवढंच टिपण होतं. चष्म्यासह किती दिसतं, तो रकाना कोरा. कोरा रकाना दिसला की डॉक्टरांना विचारायचं, हा आमचा नियम. त्या दिवशी फायलींचा ढीग पडला होता. मी न विचारता अंधत्वाचा कोड ठोकून दिला होता.

डॉक्टरांनी नोंद सुधारली आणि बाईंना बोलावून तपासलं. बाईंचा नंबर मोठा होता, चष्मा फुटलेला होता, बाकी काही नाही. नवा चष्मा लावून बाई माझ्याबरोबर बाबांकडे आल्या.

मी एका जाड कागदाला टाचणीने भोक पाडलं आणि तिथे जमलेल्या चष्मेवाल्यांना चष्मे काढून त्यातून बघायला सांगितलं. एकेकाने फलक वाचला. बारीक भोकातून प्रकाशाची बारीक रेघच आत येते, म्हणून धूसर अक्षर रेखीव होतं. पत्र्यावरच्या सूर्याच्या नक्षीत असंच भोक होतं. आमच्या तपासणीच्या खोलीत हे रोज वापरतात. बाबा म्हणाले, अश्रद्धांसमोर शक्ती थांबते. आता ती टाचणीपाशी थांबली होती.

बाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे मी आंधळी नव्हतेच?"

"नव्हता. मी केलं तुम्हाला, कागदावर."

ताईने थेंब पुन्हा सुरू केले. पण काचबिंदूने नेलेली डाव्या बाजूची नजर परत येत नाही. कुणी चमत्काराचा कागद दाखवला, तर चष्म्यासह किती दिसत होतं ते आधी विचारा, आणि डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नका. दारातून आत येताना ताईचा डावा खांदा चौकटीवर आपटतो. तो आवाज मी रोज ऐकतो.