दबलेल्या स्प्रिंगचं माप

मंगळवारपासून मिस्त्रीच्या पायाला भिंगरी लागली होती. धाकट्या बहिणीचा फोन आला होता. "दादा, रविवारी सकाळी येते. बाबांची गाडी एकदा चालवून बघीन म्हणते," एवढं बोलून तिने फोन ठेवला. दोन वर्षांत तिने कुठल्याच गाडीच्या हँडलला हात लावला नव्हता. दोन वर्षांपूर्वी बाबांची हीच जुनी मोटरसायकल घेऊन ती गेली, उतारावरच्या खड्ड्यात गाडीचं तोंड खाली बसलं आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. मनगट मोडलं. घरात सगळे म्हणाले, पोरगी वेगात होती. मिस्त्रीनेही मान डोलावली.

खरं काय ते त्याला एकट्याला माहीत होतं. पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन नळ्यांत, म्हणजे फोर्कमध्ये, ज्या स्प्रिंगा असतात त्या पार दबून गेल्या होत्या. किल्ली देतानाच त्याला ते ठाऊक होतं. जवळच फिरून येईल, कशाला तिचा हिरमोड करा, म्हणून तो बोलला नाही, आणि नंतर बोलायला तोंड राहिलं नाही. चोराच्या मनात चांदणं! तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती आणि मिस्त्री तिच्याकडे पाठ करून काम करत होता.

गाडीची कंपनी बंद पडून तीस वर्षं झालेली. बुधवारी त्याने तीन दुकानं पालथी घातली. पहिल्याने "हीच बसते हो" म्हणत भलत्याच गाडीची स्प्रिंग पुढे केली. दुसरा म्हणाला, महिनाभर थांबा. तिसऱ्याकडे त्याने काळ्या पडलेल्या खोक्यांत कोपरापर्यंत हात घातले, तेव्हा एक फोर्क सापडला, पण आतल्या स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते.

"असल्या गाड्या आता शोभेला ठेवायच्या," दुकानदार म्हणाला. "चालवतंय कोण?"

"माझी बहीण चालवते!" मिस्त्री असा खेकसला की दुकानदार दोन पावलं मागे सरकला.

मग राहिला स्प्रिंगा वळून देणारा. गुरुवारी मिस्त्रीने जुन्या स्प्रिंगा काढल्या, तारेची जाडी, वेटोळी, लांबी, सगळं दोनदा मोजून कागदावर उतरवलं. "केसाचा फरक नको," त्याने बजावलं. स्प्रिंगवाला कमी बोलणारा माणूस. कागदावर असेल तसं देईन, म्हणाला. शुक्रवारी मिस्त्री तिथे तीन चकरा मारून आला. चौथ्या चकरेला स्प्रिंगवाला म्हणाला, "आता काय, मीच भट्टीत बसू का?"

शनिवारी संध्याकाळी स्प्रिंगा हातात पडल्या. रविवारी सकाळी त्याने त्या बसवल्या, गाडीवर बसून पुढचा ब्रेक दाबला आणि तोंड पहिल्यासारखंच खाली बसलं. ये रे माझ्या मागल्या. त्याने स्प्रिंगा पुन्हा बाहेर काढून जुन्यांशेजारी ठेवल्या. लांबी अगदी सारखी.

आणि सारखी का नसावी? त्याने दबलेल्या स्प्रिंगचंच माप दिलं होतं! नव्याने शिकणाऱ्यालाही कळतं की थकलेली स्प्रिंग आपली मूळ लांबी सांगत नाही. वीस वर्षं हात काळे करून शेवटी घाईने अक्कल खाल्ली. स्प्रिंगवर पाइपचा तुकडा टाकून लांबी भरून काढली असती तर गाडी उभी बरी दिसली असती. मोठ्या खड्ड्यात मात्र वेटोळी एकमेकांवर टेकून पुन्हा तसाच दणका बसला असता. तुकडा त्याने कापूनसुद्धा ठेवला, देवा शप्पथ, आणि तो हातात असतानाच बहीण गॅरेजच्या दारात आली. हेल्मेट नवं होतं, काचेवरचा पातळ कागदही तिने काढला नव्हता.

"आज नको," मिस्त्री म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. "बरोबर आहे तुझं. मी परत पाडीन."

गप्प बसायला एवढी सोयीची जागा त्याला पुन्हा मिळाली नसती.

"तू नाही पाडलीस," तो म्हणाला. "स्प्रिंगा गेलेल्या होत्या. मला माहीत होतं. तरी दिली मी तुला गाडी. आणि आजही चुकीच्याच करून आणल्यात."

तिने टेबलावरच्या चार स्प्रिंगांतली एक उचलून बघितली. "म्हणजे मी वेगात नव्हते?"

"नव्हतीस."

"दोन वर्षं मी तो उतार उतरतेय, दादा. मनातल्या मनात. दर वेळी वेग आणखी कमी करते, तरी पडतेच."

मिस्त्रीला रडू आलं, आणि ते तिला दिसलं तरी ती जवळ आली नाही.

"बरोबर मापाच्या कधी मिळतील?"

"बुधवारी."

"बुधवारी येते मी," ती म्हणाली. "पण आत्ता घरी चल. सगळे जमलेत नाश्त्याला. मान त्यांच्यासमोर डोलावली होतीस ना, आता हेही त्यांच्यासमोरच सांग."

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. तेल निघेना, तसाच तो तिच्यामागून निघाला.